आमियाँचं कॅथेड्रल: बेचाळीस मीटर उंची आणि हाताशी असलेलं लाकूड

पारिजात

नमस्कार मंडळी,

मी गेली सहा वर्षं उत्तर फ्रान्समध्ये, लील शहरात राहते. इथून रेल्वेने तासा-दीड तासावर आमियाँ आहे. सोम नदीकाठच्या या गावातलं कॅथेड्रल मी आतापर्यंत नऊ-दहा वेळा पाहिलं असेल. पण मागच्या वर्षी अण्णा आणि आई इकडे आले आणि अण्णांबरोबर ते पाहिलं, तेव्हापासून या धाग्याचं मनात होतं. अण्णा सांगली जिल्ह्यात चाळीस वर्षं सुतारकाम करत होते.

आधी इमारतीबद्दल. जुनं चर्च १२१८ मध्ये जळालं आणि १२२० मध्ये बिशप एव्हरार द फुयुआ यांच्या काळात नव्याने पाया घातला गेला. साधारणपणे अशा चर्चचं बांधकाम वेदीच्या बाजूने सुरू व्हायचं. इथे उलट, मुख्य दालनापासून सुरुवात झाली. पन्नास वर्षांत बहुतेक सगळं उभं राहिलं, आणि तेराव्या शतकाच्या मानाने हा वेग विलक्षण आहे. एक कारण असं की खांबांचे दगड एकेक करून जागेवर घडवले नाहीत, ठरलेल्या मापाचे आधीच घडवून ठेवले. थंडीत चुन्याचं काम बंद पडलं तरी दगड घडवणाऱ्यांचे हात चालू राहायचे.

बाहेरून लांबी १४५ मीटर. आत छताच्या कमानी जमिनीपासून ४२.३ मीटरवर आणि दालनाची रुंदी जेमतेम साडेचौदा मीटर. म्हणजे रुंदीच्या जवळजवळ तिप्पट उंची. दारातून आत आलं की मान आपोआप वर जाते. प्रत्येकाची जाते. मीसुद्धा पहिल्या पाच-सहा वेळा वर बघतच फिरले.

अण्णांनी एकदा वर पाहिलं, "मोठं आहे गं," म्हणाले आणि पुढे चालू लागले. गाइडबरोबर आम्ही मधल्या लोखंडी जाळीच्या आत गेलो आणि अण्णा थांबले.

जाळीच्या आत आहेत धर्मगुरूंची लाकडी आसनं. ओकच्या लाकडाची, दोन ओळींत, दोन्ही बाजूंना. मुळात १२० होती, आज ११० आहेत: वरच्या ओळीत ६२, खालच्या ओळीत ४८. १५०८ ते १५१९ या काळात केलेली. त्यांच्यावर कोरलेल्या आकृत्या चार हजारांच्या आसपास आहेत. आसनांच्या खाली, हातांच्या टेकूवर, जिन्याच्या कठड्यावर, टोकाच्या फळ्यांवर, मोकळी जागा म्हणून नाही.

या आसनांची रचना समजून घेण्यासारखी आहे. बैठक बिजागरीवर उचलता येते. प्रार्थना तासन्‌तास चालायच्या आणि बराच वेळ उभं राहावं लागायचं. बैठक उचलली की तिच्या खालच्या अंगाला एक छोटी फळी पुढे येते. उभं राहिल्यासारखं दिसत त्या फळीवर पाठीचा खालचा भाग टेकवता येतो. तिचं नाव मिझेरिकॉर्ड, म्हणजे दया. म्हाताऱ्या धर्मगुरूंच्या गुडघ्यांवर केलेली दया. आणि जी फळी बैठक खाली असताना दिसतच नाही, तिच्यावर बायबलमधल्या गोष्टी कोरल्या आहेत: सृष्टीची उत्पत्ती, नोहा, अब्राहाम, आणि फारच विस्ताराने योसेफ. सगळ्यांच्या अंगावर कपडे मात्र सोळाव्या शतकातल्या पिकार्दीचे, म्हणजे आमियाँ ज्यात आहे त्या प्रांताचे.

गाइडने एक बैठक उचलून दाखवली. अण्णा खाली वाकले. हात पाठीमागे बांधलेले, कारण हात लावायचा नाही असं मी आधीच सांगितलं होतं. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पटाशी उलटी धरलीय बघ इथे. रेषा उलटीकडून आलीय." मला काही दिसलं नाही. त्यांना दिसलं.

मग हातांचे टेकू. बायबलमधली माणसं सोडून इथे गाव सुरू होतं. औषध कुटणारा, भाकरीवाला, फळं विकणारी, मूल सांभाळणारी दाई. आमियाँच्या गल्लीतली माणसं, वीत-दीड वीत उंचीची. पाचशे वर्षं हात फिरून फिरून त्यांची डोकी गुळगुळीत झाली आहेत, नाकं झिजली आहेत. अण्णा म्हणाले, पॉलिशने अशी चकाकी येत नाही, हातानेच येते.

एका टेकूवर एक नाव कोरलं आहे: जाँ त्रुपाँ. जुन्या हिशेबांत काम करणाऱ्यांची नावं मिळतात. आर्नू बुलाँ आणि अलेक्सांद्र युए हे मुख्य सुतार. आंत्वान आवेर्निए हा मूर्ती कोरणारा, त्याला एका कोरीव चित्रामागे ३२ सू (तेव्हाचं फ्रेंच नाणं) मिळायचे. आणि त्रुपाँ हा साधा रोजंदारीवरचा गडी, दिवसाला ३ सू. या रोजंदारीच्या माणसाचं नाव तिथे लाकडात आहे. थोड्या अंतरावर दुसऱ्या एका आसनावर कोरलंय, "देव तुला काही कमी पडू न देवो".

मी हे मराठीत सांगितलं तेव्हा अण्णांनी विचारलं, "त्याला कुणी अडवलं नाही?"

मला या प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. त्या दिवसापासून मात्र मला हे कॅथेड्रल वेगळं दिसू लागलं. मंडळींपैकी कुणी पाहिलं असेल, किंवा दगड, लाकूड, रंग यातलं जाणणारं कुणी असेल तर जरूर लिहा.

धिरा

पारिजातताई, धागा वाचून राहवलं नाही. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर, पुण्यात. आमियाँ एकदाच पाहिलं, २०१६ मध्ये, आणि दिवसभर मान वर करून. तुमच्या अण्णांपुढे आता जरा खजील वाटतंय. तरीही वरच्या भागाबद्दल लिहितो, कारण तिथेही एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे.

दगडी कमान नुसती खाली दाबत नाही, बाजूलाही रेटते. ४२ मीटरवरचा हा रेटा जमिनीपर्यंत न्यायला बाहेरच्या अंगाला उडत्या कमानींचे धिरे दिलेले असतात, फ्लाइंग बट्रेस. आमियाँत मुख्य दालनाचे धिरे व्यवस्थित आहेत. वेदीच्या बाजूचे मात्र नंतर झाले आणि ते जाळीदार, फार नाजूक केले. दिसायला सुरेख, पण जोर कमी पडला. पंधराव्या शतकाच्या अखेरीस भिंती आणि मधल्या चौकाचे खांब सरकायला लागले.

१४९७ च्या सुमारास प्येर तारिझेल या गवंड्यांच्या मुख्याने दोन उपाय केले. एक, वेदीकडच्या धिऱ्यांना खालून आणखी एक ओळ दिली. दोन, भिंतीच्या मधल्या उंचीवर जी अरुंद वाट आतून फिरते, त्या वाटेतून लोखंडी साखळी ओढून घेतली. ती आजही तिथे आहे.

ही साखळी तापवून बसवली आणि निवताना ती आवळली गेली असं सांगतात. हे ऐकून मला आमच्या गावचा लोहार आठवला. बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना तो ती गोवऱ्यांच्या जाळात लाल करायचा, चाकावर ठोकून बसवायचा आणि पाणी ओतायचा. चर्र आवाज व्हायचा आणि चाकाचे सगळे पाटे एकदम घट्ट. तत्त्व तेच, फक्त चाकाच्या जागी अख्खं कॅथेड्रल.

अति उंचीच्या मोहाचं काय होतं ते जवळच्या बोव्हे गावच्या कॅथेड्रलमध्ये दिसतं. तिथे छत ४८ मीटरवर नेलं आणि १२८४ मध्ये ते कोसळलं. आमियाँ उभं राहिलं, कारण दोनशे वर्षांनंतरच्या माणसांनी वेळेवर भेगा पाहिल्या.

पारिजात

@धिरा, धाव! अण्णांना फोनवर वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मग बरोबर आहे, लोहाराशिवाय सुताराचं चाक टिकत नाही."

निळाई

मी नैसर्गिक रंगांनी कापड रंगवते, त्यामुळे माझं लक्ष वेगळीकडे. आमियाँची श्रीमंती निळीची होती. आपली नीळ ती वेगळी, ही तिकडची वोड नावाची पिवळ्या फुलांची वनस्पती. पिकार्दीत तिला वेद म्हणतात. पानं दळायची, मुठीएवढे गोळे करायचे, वाळवायचे, पुन्हा फोडून आंबवायचे आणि मग त्यातून निळा रंग. आंबताना जो वास सुटतो तो मी स्वतः एकदा घेतलाय, दोन दिवस नाकातून जात नाही. या रंगाच्या व्यापाऱ्यांनी कॅथेड्रलला पैसा दिला आणि त्यांची आठवण दक्षिणेकडच्या बाहेरच्या भिंतीवर आहे. दोन व्यापारी आणि त्यांच्या मध्ये वेदचं पोतं. संतांच्या रांगेत पोतं घेऊन उभे असलेले दोन व्यापारी.

पुढे भारतातून नीळ युरोपात जायला लागली. आपल्या निळीच्या पानात रंग कितीतरी जास्त. वोड पिकवणाऱ्यांचं पोट जाईल म्हणून सतराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्सनेही निळीवर बंदी घातली होती, पण ती टिकली नाही. आमियाँच्या भिंतीवरचं ते पोतं पाहताना मला आपल्याकडचा नीळ पिकवणारा शेतकरीही आठवतो. त्याच्या वाट्याला त्या निळीतून काय आलं ते आपल्याला ठाऊक आहे. त्याचं पोतं कुठल्या भिंतीवर कोरलेलं मी तरी पाहिलं नाही.

रंगाचाच विषय निघाला म्हणून: दर्शनी भागाच्या दगडी मूर्ती मुळात रंगवलेल्या होत्या. १९९० च्या दशकात लेझरने काजळी साफ करताना रंगाचे अंश सापडले. त्यावरून हल्ली उन्हाळ्यात रात्री मूर्तींवर प्रकाशाचे रंग टाकतात. दिवसा करडं दिसणारं दार त्या वेळी लाल, निळं, सोनेरी होतं. मध्ययुगातल्या माणसाला हे असंच दिसत होतं हे कळल्यावर करडा दगड पाहताना चुकल्यासारखं होतं.

दगडवाट

लेख छान. पण एक तक्रार मांडतो. इतकं शुद्ध गॉथिक बांधकाम आणि आत अठराव्या शतकातलं ते ढगांचं आणि सोनेरी किरणांचं वेदीमागचं सजावटकाम! वर पांढऱ्या-सोनेरी रंगाचं लाकडी प्रवचनपीठ, १७७३ चं. माझ्या डोळ्यांना ते फारच खटकलं. आणि त्याच काळातल्या लोकांनी मुख्य दालन आणि वेदीचा भाग यांच्या मधला जुना दगडी पडदा १७५५ मध्ये पाडून टाकला. नव्या हौसेपायी जुनं घालवलं याचं वाईट वाटतं.

दुसरं म्हणजे काचा. शार्त्रचं कॅथेड्रल पाहिल्यावर आमियाँ रिकामं वाटलं. शार्त्रमध्ये निळ्या काचांतून येणारा उजेड जमिनीवर पडतो तेव्हा बोलायचंच सुचत नाही. इथे पांढरा उजेड.

पारिजात

@दगडवाट, जुन्या पडद्याबद्दल तुमच्याशी सहमत. तो गेला हे नुकसानच. प्रवचनपीठाबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. श्रद्धा, आशा आणि दया या तीन बायका ते पीठ खांद्यावर तोलून धरतात. त्यांचे पाय पाहा, भार पेलताना माणूस जसा उभा राहतो तशा त्या उभ्या आहेत. तेही याच घरातलं सामान आहे. आठशे वर्षं वापरात असलेल्या घरात एकाच पिढीच्या वस्तू कशा असतील? आमच्या वाड्यात आजीच्या पाटाशेजारी आईची फॉरमायकाची टेबलं होती.

काचांची गोष्ट दुःखाची आहे. १९१८ मध्ये जर्मन फौजा आमियाँच्या अगदी जवळ आल्या, तेव्हा उरलेल्या जुन्या काचा काढून नेल्या. लाकडी आसनं आणि दारावरच्या मूर्ती वाळूच्या पोत्यांनी झाकल्या होत्या. इमारतीवर तोफगोळे पडले, तरी ती उभी राहिली. काचा मात्र युद्ध संपल्यावर, १९२० मध्ये, जिथे सुरक्षित म्हणून ठेवल्या होत्या त्या पॅरिसच्या कारखान्यात आगीत गेल्या. म्हणून तो पांढरा उजेड. मला आता तो आवडतो, त्यात दगडाच्या कडा स्पष्ट दिसतात. पण काय गेलं हे माहीत असलेलं बरं.

मांडवी

मी गोव्यातली. पीठावरून आठवलं: आमच्याकडच्या जुन्या चर्चमधल्या लाकडी प्रवचनपीठांच्या तळाशी कधी कधी नागकन्या कोरलेल्या दिसतात. पोर्तुगीजांच्या चर्चचं सामान बनवणारे हात इथलेच, त्यामुळे त्यांना जे कोरता येत होतं आणि ज्यात जीव होता ते तळाशी आलं. आमियाँच्या टेकूवरची फळवाली आणि आमच्या पीठाखालची नागकन्या एकाच जातीची वाटते. लाकूड कोरणाऱ्याला मोकळीक मिळाली की तो आपल्या ओळखीचं काहीतरी घालतोच.

धिरा

@मांडवी, सुरेख निरीक्षण.

आणखी एक भर: सह्या फक्त लाकडात नाहीत. मुख्य दालनाच्या फरशीत काळ्या-पांढऱ्या दगडांचा अष्टकोनी चक्रव्यूह आहे. १२८८ चा, आताची फरशी एकोणिसाव्या शतकात पुन्हा घातलेली. त्यातली वाट चालायला गेलं तर २३४ मीटर होते. मध्यभागच्या दगडावर बिशप आणि तीन स्थपती: रोबेर द ल्यूझार्श, तोमा द कोरमाँ आणि त्याचा मुलगा रनो. मूळ दगड गावातल्या संग्रहालयात आहे. तेराव्या शतकातल्या बांधकामावर स्थपतींची नावं अशी इमारतीच्या मध्यभागी मिळणं दुर्मीळच.

पारिजात

हो, आणि म्हणूनच मला त्रुपाँचं महत्त्व जास्त वाटतं. स्थपतींची नावं फरशीच्या मध्यभागी, पितळेच्या अक्षरांत, बिशपसोबत. त्यांचा मान त्यांना मिळाला, मिळायलाच हवा होता. तीन सू रोजवाल्याने मात्र आपलं नाव स्वतःच, जिथे एखाद्या धर्मगुरूचा हात टेकणार तिथे कोरलं. मला ही दोन्ही नावं एकाच दिवशी पाहायला आवडतात, आधी पितळेचं आणि मग लाकडाचं.

धातूवरून आणखी एक सांगते. पाया घालणारे बिशप एव्हरार १२२२ मध्ये वारले आणि त्यांच्यानंतरचे जोफ्रुआ दयू १२३६ मध्ये. दोघांच्या थडग्यांवर निजलेल्या रूपातले पुतळे आहेत, प्रत्येक एकसंध ओतलेला कांस्याचा. फ्रान्समधले असे बहुतेक पुतळे क्रांतीच्या काळात वितळवले गेले, हे दोन वाचले. एव्हरार यांच्या पायाखालचे दोन प्राणी इतक्या जवळून दिसतात की त्यांच्या पाठीचे कणे मोजता येतात. लोक मात्र यांच्या शेजारून वर बघत निघून जातात.

आणि वेदीच्या मागे रडणारा देवदूत आहे. निकोला ब्लासे या आमियाँच्याच शिल्पकाराने १६३६ मध्ये संगमरवरात केलेला. गीलाँ ल्यूका नावाच्या धर्मगुरूच्या स्मारकावर तो बसलाय. या ल्यूकांनी गावातल्या अनाथ मुलांसाठी शाळा काढली होती. देवदूत म्हणजे गुबगुबीत लहान मूल. एक कोपर कवटीवर, एक हात वाळूच्या घड्याळावर, आणि गालावर हात ठेवून रडतंय. पहिल्या महायुद्धात सोमच्या आघाडीवरच्या सैनिकांनी याची पोस्टकार्डं हजारोंनी घरी धाडली. आईला तो सगळ्यांत आवडला. आई त्याच्यासमोर बसून राहिली आणि म्हणाली, "याला कुणी उचलून का घेत नाही?"

सायसाखर

पुढच्या महिन्यात कामासाठी पॅरिसला जातेय, एक रविवार मोकळा आहे. धागा वाचून आमियाँ नक्की केलंय. बरोबर सहा वर्षांचा मुलगा असेल. त्याला काय दाखवू? चार हजार आकृत्यांत तो हरवून जाईल.

पारिजात

@सायसाखर, जरूर जा. पॅरिसच्या गार द्यु नॉर स्टेशनवरून गाडी आहे. रविवारी सकाळी प्रार्थना असतात, त्यामुळे दुपारी आत जा. लाकडी आसनांच्या भागात जाळीच्या आत सोडतात का, ते तिथल्या पर्यटन कार्यालयात आधी विचारून घ्या. आम्हाला गाइडबरोबरच जाता आलं.

मुलाला आत नेण्याआधी पश्चिमेच्या दर्शनी भागासमोर उभं करा. तीन दारांपैकी डावीकडचं दार संत फर्माँचं. दाराच्या तळाशी, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, चार पाकळ्यांच्या चौकटींत वर्षाचे बारा महिने कोरलेत, वर राशी आणि खाली त्या महिन्याचं काम. जानेवारीला दोन तोंडं आहेत, एक गेलेल्या वर्षाकडे आणि एक येणाऱ्या. फेब्रुवारीत एक माणूस विस्तवापुढे बसून पाय शेकतोय. मग द्राक्षवेलींची मशागत, कापणी, मळणी, द्राक्षं तुडवणं असं करत वर्ष संपतं. त्याला म्हणा, तुझा वाढदिवसाचा महिना शोध.

अण्णांनी ऑगस्ट शोधला. मळणी. ते म्हणाले, "आमच्याकडे तेव्हा श्रावण असतो, खळं नसतं," आणि मग सगळे बारा महिने एकेक करून आपल्या महिन्यांशी लावत बसले. आमची परतीची गाडी चुकली.